डाव्या बरगडीखालचं जग

माझ्या धाकट्या मावशीइतक्या निःसंकोचपणे दुसऱ्याच्या पोटात बोटं खुपसणारी बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात झाली नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही. हे मी लाक्षणिक अर्थानं म्हणत नाही. लोकांच्या खासगी गोष्टींत नाक खुपसणारे आमच्या घराण्यात पुष्कळ आहेत, मावशी त्यातली नव्हे. तुमचा पगार, तुमची सून, तुमच्या मुलाचे मार्क यातलं काहीही तिला जाणून घ्यायचं नसे. तिला फक्त तुमच्या डाव्या बरगडीखाली काय चाललंय ते हवं असे. ती लहान मुलांची डॉक्टर, पंचवटीत तिचा दवाखाना. पाणथरी नावाच्या अवयवावर तिनं जेवढा जीव लावला तेवढा कुणा माणसावर लावला असता, तर आम्हा भाचरांना एक काका मिळाला असता. पाणथरी म्हणजे प्लीहा. पोटात डावीकडे, बरगड्यांच्या आड गुपचूप बसलेली. निरोगी माणसाच्या हाताला ती लागत नाही, त्यामुळे निरोगी माणसाला तिची आठवणही येत नाही. मावशीला मात्र उठता बसता तीच. कुणाच्या घरी गेली की चहा येईपर्यंत ती त्या घरातलं सगळ्यात लहान मूल सोफ्यावर उताणं झोपवून, त्याला 'गुडघे वर घे, राजा' म्हणून, डाव्या कुशीत बोटं दाबत बसलेली असे. मुलं गुदगुल्या झाल्यासारखी हसत. आया कसंनुसं हसत.

येवल्याला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. मावशी ठेवणीतली पैठणी नेसून स्टेजवर गेली. आम्हाला वाटलं, आशीर्वाद देतेय. तिनं अंगठ्यानं नवरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढली, फोटोग्राफरला म्हणाली, "जरा लाइट इकडे मार रे," आणि वळून मुलाच्या आईला ऐकवलं, "रक्त कमी आहे पोरीच्या अंगात. पालेभाज्या घाला भरपूर, आणि वर्षभर एकही उपास करायला लावू नका." मुलाची आई एकादशी, चतुर्थी, सोमवार असं सगळं कडक पाळणारी. तिचा चेहरा उतरला. तो फोटो अजून अल्बममध्ये आहे, आणि बहिणीचा तोच फोटो सगळ्यांत छान आलाय, कारण त्या एकाच फोटोत ती पोट धरून हसतेय.

मी नांदगावहून कॉलेजसाठी नाशिकला आलो आणि गंगापूर रोडवरच्या मावशीच्या फ्लॅटमध्ये राहिलो. पुढे नोकरीही इथंच लागली, त्यामुळे राहतच गेलो. तिच्या घरात डाळीच्या आणि साखरेच्या डब्यांवर दवाखान्यातली चिकटपट्टी लावून नावं लिहिलेली असत, आणि कुकरला ती दवाखान्यातल्या निर्जंतुक करायच्या भांड्याचं नाव देऊन 'ऑटोक्लेव्ह' म्हणे. तिची एक जुनी जीप होती. मावशीला गाडी उत्तम चालवता येई, पण फक्त पुढं. मागं घेणं हा आपल्या स्वभावाचा अपमान आहे असं तिचं मत होतं. कुठंही गेली तरी ती अशी जागा शोधे की निघताना सरळ निघता यावं, आणि तशी जागा मिळेपर्यंत गावाला प्रदक्षिणा घालून येई. "अगं मावशी, रिव्हर्स टाक ना एकदा," असं मी म्हणालो की उत्तर ठरलेलं: "तुला घाई असेल तर उतर."

ही जीप दर गुरुवारी सुरगाण्याच्या डोंगरपट्ट्यात जाई. तिकडच्या पाड्यांवर सिकलसेल नावाचा आजार आहे. आईबापांच्या रक्तातून मुलांत उतरतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांमध्ये अडकतात, आणि मूल हातपाय दुखतात म्हणून रडतं. हे तरी दिसतं. पण कधीकधी एकाएकी अंगातलं रक्त पाणथरीत जाऊन अडकून बसतं. ना ताप, ना खोकला. मूल नुसतं पांढरंफटक पडतं, मलूल होतं, आणि घरच्यांना काही उमजायच्या आत जातं. पाणथरी फुगल्याचं वेळेवर कळलं तर रक्त देऊन मूल वाचवता येतं. पण ते कळायचं कुणाला? डॉक्टर घाटाच्या अलीकडे आणि मूल घाटाच्या पलीकडे. मावशीच्या हातून अशी काही मुलं गेली होती. ती त्यांच्याबद्दल बोलत नसे. पण काही पाड्यांवरून जीप जाताना तिची अखंड चाललेली बडबड थांबायची, आणि पाडा मागं पडला की पुन्हा सुरू व्हायची.

अशात एक दिवस मी डबा पोचवायला तिच्या दवाखान्यात गेलो असताना विलायतेतल्या एका विद्यापीठाचे प्राध्यापक तिथं आले. उंच, वाकलेले, उन्हानं लालबुंद झालेले. रक्ताच्या आजारांवर त्यांचं काम होतं. जगात इतर ठिकाणचा सिकलसेल आणि आपल्याकडचा सिकलसेल यांत काही फरक दिसतो, तो का, हे त्यांना शोधायचं होतं, आणि त्यासाठी मावशीची मदत हवी होती. बोलणं इंग्रजीत झालं, पण मावशीचं इंग्रजी असं की मला ते मराठीतच ऐकू आलं.

"रक्त नेणार?" मावशीनं विचारलं.

"थोडंसं. परवानगी घेऊनच," प्राध्यापक म्हणाले.

"ते कळलं. आणि आणणार काय?"

प्राध्यापक गोंधळले. निकाल ईमेलनं पाठवू, म्हणाले.

"कुणाला? पाड्यावरच्या म्हातारीला?" मावशी खुर्ची पुढं ओढून बसली. "हे पाहा, ज्याचं रक्त न्याल त्याच्या ओट्यावर बसून, त्याला समजेल अशा शब्दांत, तुम्ही स्वतः निकाल सांगायचा. तुमचा विद्यार्थी नाही, तुम्ही. आणि जगात कुठं कुणी अशी मुलं मरू दिली नसतील, तर त्या माणसाला आधी माझ्याकडे आणा. रक्त कुठं पळून जात नाही."

मला वाटलं, पाहुणे आता उठणार. ते उठले नाहीत. उलट म्हणाले की वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावर अशी एक बाई आहे. नर्स आहे. तिकडे हा आजार घरोघरी. तिकडे आयांनाच मुलांची पाणथरी चाचपायला शिकवतात, आणि तेव्हापासून मुलं दगावण्याचं प्रमाण पुष्कळ कमी झालंय. ती नर्स गेली कित्येक वर्षं हेच शिकवतेय. मावशीनं त्यांना चहाचा दुसरा कप दिला. तिच्या दवाखान्यात दुसरा कप मिळालेला तो पहिला आणि शेवटचा माणूस.

त्या हिवाळ्यात सिस्टर आली. तिला आम्ही सगळे सिस्टरच म्हणत होतो. धिप्पाड, काळीभोर, आणि हसली की स्टेशनच्या पुलावरची माणसं वळून बघतील असं हसणारी. नाशिक रोडच्या फलाटावर तिनं मावशीला मिठी मारली. मावशीला मिठ्यांची सवय नव्हती. पण तेवढ्यातही तिचा हात आपोआप सिस्टरच्या डाव्या बरगडीखाली गेला. सिस्टरनं तो हात पकडला, मान मागं टाकून हसली, आणि मावशीच्या डाव्या बरगडीखाली स्वतःची बोटं रोवली. त्या क्षणापासून आम्ही बाकीचे त्यांच्या लेखी संपलो.

पाड्यावरच्या बायका आधी सिस्टरला लांबून न्याहाळत होत्या. मग एक जण धीर करून जवळ आली, तिनं सिस्टरच्या बारीक वेण्यांना हात लावून पाहिला, आणि मागं वळून बाकीच्यांना सांगितलं, "पक्क्या गाठी आहात." त्यावर सगळ्या जवळ आल्या. सिस्टर जमिनीवर मांडी घालून बसली, एक मूल उताणं झोपवलं, त्याच्या आईचा हात स्वतःच्या हाताखाली घेतला, आणि खालून वर, खालून वर, हळूहळू बोटं सरकवायला शिकवलं. ती लांबलचक, प्रेमळ, गाण्यासारखी वाक्यं बोले. भाषांतर मावशीकडे. सिस्टर श्वास लागेपर्यंत बोलून थांबली की मावशी म्हणे, "रोज चाचपा." सिस्टर पुन्हा तेवढंच बोले. मावशी म्हणे, "मोठी लागली तर फोन करा."

प्राध्यापकांनीही शब्द पाळला. निकाल सांगायला ते घरोघरी ओट्यांवर टेकले, गुडघे कानाला लागतील असे बसले, नागलीची भाकरी खाल्ली. एका आजीनं त्यांना विचारलं, "तुमचे गावात पन यो आजार आहा का?"

मावशीनं प्रश्न समजावल्यावर प्राध्यापक म्हणाले, "आहे. आमच्या दवाखान्यातही अशी मुलं येतात."

आजीनं त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. "मंग तुमी बी आमचेच," ती म्हणाली.

बायका शिकल्या, आणि स्वतःची एक पद्धतही त्यांनी पाडली. आपल्याच मुलाचं पोट चाचपून काय कळणार, म्हणून त्या दुपारी एकत्र बसून एकमेकींची मुलं चाचपू लागल्या. बरं पोट आणि फुगलेलं पोट दोन्ही हाताला माहीत झाली की फसगत होत नाही. सिस्टरला हे इतकं आवडलं की आपल्या बेटावर गेल्यावर तिनंही आयांचे असे घोळके बसवायला सुरुवात केली.

भांडण झालं ते वयावरून. बेटावर साधारण शाळेत जायच्या वयात अशा मुलांची पाणथरी आकसून जाते, मग चाचपायचं कारण उरत नाही. म्हणून सिस्टर म्हणाली, मूल शाळेत जायला लागलं की चाचपणं थांबवा. मावशीनं मराठीत सांगितलं, "शाळेत जायला लागलं तरी थांबवू नका." सिस्टरला मराठी येत नव्हतं, पण बायकांच्या माना कशा हलल्या ते तिला कळलं.

"तू काय सांगितलंस?" तिनं विचारलं.

"तुझ्या उलट," मावशी म्हणाली.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये दोघींचं जुंपलं. मधे प्राध्यापक अंग चोरून बसलेले, मागं मी. मावशी एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं आपली बाजू मांडत होती. "तुमच्याकडे आकसत असेल. आमच्या पोरांची राहते. मोठी होईपर्यंत राहते."

"पुरावा काय?"

"माझा हात."

"हात म्हणजे पुरावा नव्हे," सिस्टर म्हणाली, आणि ते बरोबरच होतं.

शेवटी प्राध्यापकांनीच घसा साफ केला. "मग आपण तपासूनच बघू या ना." दोघींनी एकदम त्यांच्याकडे असं पाहिलं, की हा इतका वेळ होता कुठं! पुढची काही वर्षं त्यांनी ते तपासलं. सोनोग्राफीचं मशीन पाड्यांवर गेलं. इकडची, बेटावरची, विलायतेतली मुलं पाहिली गेली. मला त्यातलं शास्त्र कळत नसे. मला एवढंच दिसे की मावशी इंटरनेटवरच्या त्यांच्या बैठकांना नवी साडी नेसून बसायची, आणि कॅमेऱ्यात फक्त तिचं कपाळ दिसायचं.

याच काळात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये भारत आणि वेस्ट इंडीजची मॅच सगळ्यांनी मिळून पाहिली. पाहुण्यांच्या फलंदाजानं एक चौकार मारला आणि भयाण शांततेत एकाच माणसाच्या टाळ्या वाजल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "डॉक्टर, आपण कुणाकडून आहात?"

"ज्यांच्या आयांनी आपल्या आयांना शिकवलं, त्यांच्या एका फोरला टाळी वाजवली तर काय बिघडलं?" मावशी म्हणाली. "आणि त्या मुलाचं फूटवर्क बघा, काय सुरेख आहे." क्रिकेटमधला एवढा एकच शब्द तिला येत होता, आणि तो मीच सकाळी शिकवला होता.

पण मला सांगायची आहे ती सुनीची गोष्ट. सुनी यशोदाची मुलगी. यशोदाचा पाडा घाटापलीकडे, नवरा छाटणीच्या दिवसांत द्राक्षबागांच्या कामाला निफाडकडे गेलेला. सुनी आश्रमशाळेत शिकत होती, सुटीत घरी आली होती. आता ती चांगली मोठी, आईनं पोट चाचपलं की लाजायची, चिडायची. यशोदा तरीही चाचपायची, कारण मावशीनं थांबवू नका म्हणून सांगितलं होतं. त्या सकाळी सुनी अंथरुणातून उठेना. जवळच्या गावातल्या एका डॉक्टरनं पित्त झालं असेल म्हणून गोळ्या दिल्या. यशोदा गोळ्या घेऊन घरी आली, तिनं पुन्हा एकदा पोरीच्या कुशीला हात लावला, आणि मावशीला फोन केला.

"बाई, पानथरी बेंबीपावत आलीय."

मावशी दवाखान्यात होती. तिनं समोरच्या पेशंटला पलीकडच्या डॉक्टरकडे पाठवलं. "ताप?" "नाय." "ओठ?" "पांढरं." "मिळेल ती गाडी कर आणि नाशिकची वाट धर. मी समोरून येते." मी घरी होतो, मला खालूनच हाक मारली. वाटेत तिनं रक्तपेढीला फोन करायला लावला, हॉस्पिटलमध्ये खाट राखून ठेवायला लावली. स्वतः दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होती.

घाटात एका वळणावर ट्रक बंद पडला होता. पलीकडे यशोदाची काळीपिवळी जीप अडकली होती. चालत जाऊन मी सुनीला उचलून आणलं. खांद्यावर तिचं डोकं कसं लटकत होतं ते मी विसरू शकत नाही. यशोदा मागं बसली, पोरीला मांडीवर घेतलं. आणि मग आमच्या लक्षात आलं की पुढं ट्रक आहे, मागं गाड्यांची रांग लागलीय, आणि वळवायला जागा पार खालच्या वळणावर आहे. मावशीनं एकदा आरशात पाहिलं. मग तिनं कचकन रिव्हर्स टाकला, हॉर्नवर तळहात ठेवला, आणि मागच्या सगळ्या गाड्यांना मागं रेटत, मान पूर्ण वळवून, ती जीप घाटाच्या कठड्याकडेनं अशी सरळ मागं घेत गेली की मी डोळे मिटून घेतले. खाली जागा मिळाल्यावर जीप वळवली आणि मला एवढंच म्हणाली, "नाडी बघत राहा."

हॉस्पिटलमध्ये रक्त तयार होतं. ते चढायला लागलं, आणि दुपार कलता कलता सुनीच्या ओठांवर रंग आला. तिनं डोळे उघडून आईला विचारलं, "पप्पा आलं का?" पप्पा तेव्हा निफाडहून एसटीत होते. बाहेरच्या बाकावर मावशी यशोदाशेजारी बसली. "तू हात लावला नसतास तर..." असं काहीतरी म्हणायला ती निघाली होती, पण तिला ते जमलं नाही. तिनं यशोदाचा हात घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून दिला. मग मावशी मला म्हणाली, "अरे, चहा आण की. असा काय उभा आहेस?"

मावशीचं म्हणणं तपासाअंती खरं निघालं. आपल्याकडच्या या मुलांची पाणथरी मोठेपणापर्यंत टिकते, आखाती देशांतल्या मुलांचीही तशीच, कारण दोघांच्या सिकलसेलची जात एकच. मग प्राध्यापकांच्या गावातल्या दवाखान्यातही आपल्याकडून आणि आखातातून आलेल्या घरांतल्या आयांना सांगायला लागले, थांबू नका. पुढे एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. आखातातून येऊन तिकडे स्थायिक झालेलं एक कुटुंब होतं. त्यांचा मुलगा चांगला हायस्कुलात जाणारा. त्याच्या आईनं चाचपलं, शंका आली, धावत दवाखान्यात नेलं. मुलगा वाचला. जुन्या सूचना असत्या तर तिनं हात लावलाच नसता.

"हिमोग्लोबिन किती होतं?" मावशीनं विचारलं. त्यांनी सांगितलं. "हं. त्या आईला म्हणावं, शाबास." फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं शिरा केला. शिऱ्यात साखर घालायची राहिली. आम्ही दोघांनी तो तसाच खाल्ला.

पुढच्या गुरुवारी तिनं यशोदाला ही हकीकत सांगितली. यशोदा भात पाखडत होती. सूप थांबवून तिनं विचारलं, "पोरगा का पोरगी?"

"पोरगा."

"आता बरा आहा?"

"बरा आहे."

"आईचा जीव थंड झाला असंल," यशोदा म्हणाली, आणि पुन्हा पाखडू लागली.

मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. शेवटची काही वर्षं ती घरीच असे. दर रविवारी संध्याकाळी तिला बेटावरून सिस्टरचा फोन येई. तिकडे तेव्हा सकाळ असायची. मावशी फोन घेऊन बाल्कनीत जाई आणि दार ओढून घेई. काय बोलत असत देव जाणे. काचेतून मला फक्त तिचा हात हलताना दिसायचा, आणि मधेच बराच वेळ न हलतानाही.

ती गेल्याचं मी प्राध्यापकांना कळवलं, आणि त्यांनी सिस्टरला. रविवारी संध्याकाळी मावशीचा फोन वाजला. मी तो उचलून बाल्कनीत गेलो. का कुणास ठाऊक, दारही ओढून घेतलं.

सिस्टर म्हणाली, तिला कळलंय. कळलंय, पण रविवार आला आणि हात आपोआप फोनकडे गेला. ती थकलेली वाटत होती. मी म्हणालो, बरं केलंत. तिच्याकडे कोंबडा आरवत होता, लांबवर समुद्र असावा. माझ्याकडे खाली गंगापूर रोडवरची वाहतूक होती. मग तिनं आपल्या त्या गाण्यासारख्या चालीत, एकेक अक्षर जपून, मराठीत विचारलं,

"जेवलीस का?"

मावशीनं तिला मराठी शिकवलं होतं हे मला ठाऊक नव्हतं. शिकवलंही असेल तर तेवढंच, आणि आपल्या तोंडून जसं निघे तसंच, बाईनं बाईला विचारावं तसं.

"हो, जेवले," मी म्हणालो. "तू?"